चुलीचा धूर आणि पत्र्याचे धुराडे

मंठा परिसर कापसाचा आणि तुरीचा. त्यामुळे पऱ्हाट्या व तुराट्या हे येथील हाताशी असलेले सरपण होय. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरीही ज्या घरी चूल पेटते, तेथील गृहिणीच्या डोळ्यांचे व छातीचे रक्षण धुराड्यावरच अवलंबून असते.

दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीचा घेर सुमारे ३१.४ सेंटिमीटर होतो. पत्रा मात्र दुमडीसाठी दोन-अडीच सेंटिमीटर अधिक धरून कापावा. कातरीची पाती दरवेळी टोकापर्यंत मिटू नयेत, अन्यथा कडेला दाते पडतात. हातमोजे घालून कड कानशीने घासावी. घरातील जोड देताना वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत बसवावे. उलट बसविल्यास काजळीचे पाणी जोडातून भिंतीवर ओघळते.

माळवदाच्या घरात खरी जोखीम छतापाशी असते. तापलेली नळी लाकडाला टेकल्यास आग लागू शकते. म्हणून भोक मोठे ठेवून तुळई व कड्या नळीपासून दूर राहतील, हे पंचायत सदस्यांनी स्वतः पाहावे. काजळी काढण्यासाठी तळाशी झाकण ठेवल्यास दरवेळी छतावर चढावे लागत नाही.