शिकारी रायफल आणि गोळीचे वजन : मध्य प्रांताच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
नागपूरच्या कळमना बाजारात तूर, सोयाबीन, संत्री घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात भावाच्या जोडीने रोही आणि रानडुकराचा विषय हमखास निघतो. ‘बंदूक मिळाली तर प्रश्न मिटेल’ असा सूर त्यात असतो. मात्र कोणती बंदूक आणि किती वजनाची गोळी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. याच प्रदेशात दीडशे वर्षांपूर्वी त्याचा शास्त्रशुद्ध विचार झाला होता. प्रस्तुत लेखात त्या विचाराचा परामर्श घेऊन आजच्या संदर्भात त्याचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. फोर्सिथ यांचा विचार :
१८६१ साली मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. या प्रांतातील अधिकारी जेम्स फोर्सिथ हे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) या ग्रंथामुळे परिचित आहेत. तत्पूर्वी त्यांनी शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. लांबट गोळी जड असते. परंतु तेवढ्याच दारूवर ती मंद गतीने जाते व तिचा मार्ग अधिक वक्र होतो. दाट रानात अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी अशी गोळी मर्मस्थानाऐवजी पोटात किंवा पायात लागते. म्हणून फोर्सिथ यांनी मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीतील आट्यांना अगदी मंद पीळ यांचा पुरस्कार केला. १४ बोअरच्या नळीसाठी १०४ इंचांत एक फेरा, हे त्यांचे प्रमाण प्रसिद्ध आहे. १४ बोअर म्हणजे एका पौंडात १४ गोळ्या. अर्थात प्रत्येक गोळी ५०० ग्रेन, सुमारे ३२ ग्रॅम वजनाची.

२. वजन, वेग आणि रचना :
१८८६ नंतर धूरविरहित दारूचा प्रसार झाला आणि लहान व्यासाच्या लांबट गोळीलाही मोठा वेग देणे शक्य झाले. .३०-०६ या १९०६ सालच्या काडतुसाचे उदाहरण घेऊ. त्यातील १५० ग्रेनची (९.७ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ८८५ मीटर, तर १८० ग्रेनची (११.७ ग्रॅम) सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. दोन्हींची गतिज ऊर्जा जवळपास सारखीच, ३,८०० ते ३,९०० ज्यूल असते. परंतु जड गोळीचा संवेग सुमारे एक दशांशाने अधिक असतो. ती वेग सावकाश गमावते व खोलवर जाते. म्हणून चितळाएवढ्या प्राण्यास हलकी गोळी पुरेशी ठरते, तर सांबराच्या रुंद खांद्यास जड गोळी इष्ट मानली जाते.

वजनाइतकीच रचनाही महत्त्वाची आहे. मऊ टोकाची गोळी शरीरात पसरते आणि आपली ऊर्जा तेथेच सोडते. पूर्ण आवरणाची गोळी अरुंद छिद्र पाडून आरपार जाऊ शकते व प्राणी जखमी अवस्थेत पळतो. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. शिकारीत मात्र त्याच अधिक दयाळू मानल्या गेल्या. हा विरोधाभास अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

३. आजचा संदर्भ :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट यांची हौसेखातर शिकार हा गुन्हा आहे. कलम ११ अन्वये मात्र उभ्या पिकांना धोका ठरणाऱ्या विशिष्ट प्राण्यांबाबत प्राधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रोही हे हरीण नसून कुरंगवर्गीय आहे आणि त्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोहून अधिक भरू शकतो. अशा प्राण्यावर बारा बोअरच्या बंदुकीतून बारीक छर्रे झाडल्यास हलके छर्रे वेग लवकर गमावतात व कातडीखालीच अडकतात. प्राणी मरत नाही, पीकही वाचत नाही. जखम तेवढी चिघळते.

निष्कर्ष :
‘सर्वांत जड’ किंवा ‘सर्वांत वेगवान’ गोळी उत्तम, असे म्हणता येत नाही. प्राण्याचे आकारमान, अंतर आणि गोळीची रचना यांच्या मेळावरच निवड अवलंबून असते. या साऱ्या गणिताचा हेतू एकच आहे : प्राणी जखमी होऊन तडफडू नये. म्हणूनच परवानगीचा कागद देताना शस्त्र, गोळी आणि नेमबाजी यांचीही शहानिशा होणे अगत्याचे ठरते. ती होत नसेल, तर बंदूक हे पीकसंरक्षणाचे साधन न राहता केवळ संतापाचे साधन उरते.