मदतीचा हिशेब, मैत्रीची पुंजी

दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवसाची आठवण मराठी वाचकांना करून देण्याची आवश्यकता नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, १ डिसेंबर २०१५ रोजी, तशीच वेळ चेन्नई महानगरावर आली. शहराच्या दक्षिणेकडील ताम्बरम परिसरात एका दिवसात सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस कोसळला. चेंबरमबाक्कम जलाशयातून सोडलेले पाणी अड्यार नदीत आले आणि नदीकाठच्या वस्त्या रातोरात जलमय झाल्या. विमानतळ काही दिवस बंद राहिला. त्या वर्षीच्या पावसाळी हंगामात तमिळनाडूत चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

अशा प्रसंगी शासन, बँका आणि स्वयंसेवी संस्था आपापले कर्तव्य करीत असतात. परंतु ओळखीचा माणूस संकटात सापडला, तर आपण व्यक्तिशः काय करावे? चार मित्रांनी पैसे गोळा करून पाचव्याला द्यावेत, हे ऐकावयास सोपे आहे. प्रत्यक्षात त्यातून पुष्कळदा गैरसमज निर्माण होतात. कुणाला किती दिले, का दिले, उरलेल्या रकमेचे काय झाले, हे प्रश्न पूर ओसरल्यावर डोके वर काढतात. म्हणूनच मित्रांमधील मदतीला आपुलकीइतकीच शिस्तही आवश्यक असते. आमच्या अनुभवातून हे कसे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

गरज कोणती?

त्या वेळी मी चेन्नई येथे नियुक्तीवर होतो. एम.कॉम.च्या वर्गातील माझे तीन सहाध्यायी नोकरीनिमित्त तेथेच स्थायिक झाले होते. दोघे मराठी, एक तमिळ. वेलचेरी, जाफरखानपेट आणि मुडिचूर येथील त्यांच्या तळमजल्यावरील घरांत छातीइतके पाणी शिरले होते. पाणी ओसरताच पुणे, नाशिक, इंदूर, बंगळुरू अशा ठिकाणांहून इतर वर्गमित्रांचे दूरध्वनी येऊ लागले. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, "काय पाठवू?"

पहिल्या आठवड्यातील सर्वांत मोठी अडचण विलक्षण होती. खात्यात वेतन जमा होते, पण हातात नोट नव्हती. वीज आणि दूरसंचार सेवा खंडित झाल्याने अनेक एटीएम बंद पडली होती आणि दुकानांतील कार्डयंत्रेही निरुपयोगी ठरली होती. म्हणून प्रथम थोडी रोख रक्कम, औषधे, गॅसची शेगडी आणि मुलांची पाठ्यपुस्तके यांची सोय केली.

खरी गरज मात्र दुसऱ्या आठवड्यात समोर आली. चेन्नईत त्या काळी भाड्याच्या घरासाठी दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत देण्याची पद्धत सर्रास होती. मुडिचूरच्या मित्राचे घर राहण्यायोग्य उरले नव्हते. जुन्या घरमालकाचेही सर्वस्व भिजलेले. त्याच्याकडे जुनी अनामत लगेच कशी मागावी? नव्या घरासाठी ९०,००० रुपये हवे होते. शासनाने बाधित कुटुंबांना दिलेले ५,००० रुपयांचे साहाय्य तेथे कितीसे पुरणार?

पैसा कसा उभारला?

बँक अधिकाऱ्यांच्या वर्तणूक नियमांनुसार निधी गोळा करण्याच्या कामात सहभागी होण्यापूर्वी बँकेची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. कर्मचारी बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. परवानगी घेऊन मी केवळ गरजांची यादी करण्याचे काम पत्करले. पैशांची जबाबदारी पुण्यातील दोन वर्गमित्रांनी स्वीकारली. त्यांनी स्वतंत्र संयुक्त बचत खाते उघडले आणि दोघांच्या स्वाक्षरीशिवाय रक्कम काढता येणार नाही, अशी सूचना बँकेला दिली. ३८ जणांनी मिळून १,९२,५०० रुपये जमा केले. कुणी ५०० दिले, कुणी १५,०००. देणाऱ्यांची नावे सर्वांना कळविली. रकमा मात्र त्या दोघांपलीकडे गेल्या नाहीत. त्यामुळे कमी देणाऱ्याला संकोच वाटला नाही आणि घेणाऱ्याला कुणाच्या विशेष ऋणात राहावे लागले नाही.

दोघा मित्रांना प्रत्येकी ४५,००० रुपये भेट म्हणून दिले. या आकड्यामागे एक कारण होते. नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून एका वर्षात मिळालेल्या भेटींची एकूण रक्कम ५०,००० रुपयांहून अधिक झाली, तर ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. मित्र कितीही जिवाभावाचा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो नातेवाईक नव्हे. तसेच मित्राला दिलेल्या रकमेवर देणाऱ्याला ८०जी कलमाखाली सवलत मिळत नव्हती. ती मान्यताप्राप्त संस्थांना वा पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधीसारख्या निधींना दिलेल्या देणगीवर होती.

मुडिचूरच्या मित्राने मात्र भेट नाकारली. "मला दान नको. नोकरी आहे, हातपाय धड आहेत," एवढेच तो म्हणाला. मदत घेणे हे देण्याहून कठीण असते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्याचे मन वळविण्याऐवजी आम्ही मदतीचे स्वरूप बदलले. ९०,००० रुपये बिनव्याजी हातउसने, दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे अठरा हप्ते, पहिला हप्ता एप्रिल २०१६ मध्ये, असा साधा कागद केला. रक्कम थेट त्याच्या खात्यात पाठविली. कारण २०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याला मंजूर नाही. त्या कागदावर स्वाक्षरी करताना त्याचा चेहरा प्रथमच मोकळा झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये अखेरचा हप्ता आला.

पैशापलीकडची मदत

भिजलेली पासबुके, गुणपत्रिका आणि शिधापत्रिका यांची यादी करणे, हीदेखील मदतच होती. राज्य शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये कागदपत्रांच्या दुय्यम प्रती देण्यासाठी विशेष शिबिरे भरविली. तेथे मित्रांसोबत जाऊन रांगेत उभे राहणे हे कित्येक हजार रुपयांच्या मोलाचे होते. ज्यांच्यावर कर्जाचे हप्ते आहेत, त्यांनी आपल्या शाखेत तत्काळ कळवावे, असा आग्रह आम्ही धरला. नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जाची पुनर्रचना करण्याबाबत रिझर्व्ह बँकेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत; परंतु ग्राहकाने शाखेपर्यंत अडचण पोहोचविली, तरच त्यांचा लाभ वेळेवर मिळतो.

२०१५ मध्ये यूपीआय सेवा सुरू झाली नव्हती आणि एनईएफटीला वेळेचे बंधन होते. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास उपलब्ध आहे आणि भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात पैसे पोहोचतात. ही सोय फसवणूक करणाऱ्यांनाही उपलब्ध आहे. म्हणून मित्राच्या नावाने मदतीचा संदेश आला, तर आधी त्याच्याशी प्रत्यक्ष बोलावे आणि पैसे पाठविताना पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव पाहावे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन क्रमांक कधीच द्यावा लागत नाही, हेही विसरू नये.

परतफेडीनंतर पुण्यातील खात्यात एक लाखाहून अधिक रक्कम शिल्लक होती. ती वाटून घ्यावी, असे कुणीही सुचविले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगलीतील एका वर्गमित्राचे वह्या-पुस्तकांचे दुकान बुडाले, तेव्हा त्याच खात्यातून त्याला ७५,००० रुपये हातउसने देता आले. त्यासाठी लागणाऱ्या कागदाचा मसुदा मुडिचूरच्या मित्राने स्वतःहून करून पाठविला.

वाचकहो, पूर, भूकंप वा आग सांगून येत नाही. परंतु दोन विश्वासू नावे, एक स्वतंत्र खाते आणि चोख हिशेब यांची सिद्धता आपल्या मित्रमंडळात आधीच करून ठेवता येते. मैत्रीत हिशेब कसला, असे आपण सहज म्हणून जातो. आमचा अनुभव असा, की हिशेब चोख होता म्हणूनच घेणाऱ्याची मान ताठ राहिली आणि आमची मैत्रीही अबाधित राहिली.