साखरेचे वस्त्र : केकवरील फाँडंट

वाढदिवसाला केक कापण्याची रीत आता तालुक्याच्या गावांपासून लहान खेड्यांपर्यंत पोचली आहे. त्यांतले काही केक इस्त्री केलेल्या कापडासारख्या गुळगुळीत, पांढऱ्या थराने मढवलेले असतात. वर त्याच थराची फुले, पाने आणि चेंडूफळी खेळणारी बाहुलीसुद्धा असते. या थराला फाँडंट म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘विरघळणारे’ असा आहे. हे फाँडंट म्हणजे काय आणि मार्शमॅलो नावाच्या गोळ्यांपासून ते घरी कसे करतात, हे आज पाहू. ही कृती इंग्लंड-अमेरिकेकडच्या घरांत रूढ झालेली आहे. परंतु तिच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते आपल्या गृहिणींना चांगले ठाऊक आहे.

ते तत्त्व पाकाचे. शंभर ग्रॅम थंड पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळते असले, तर जवळजवळ ४८७ ग्रॅम साखर त्यात मावते. म्हणजे गरम पाक निवू लागला की पाण्याला साखरेचा भार पेलवत नाही आणि जादा साखर दाण्याच्या रूपाने बाहेर पडते. पाक न हलवता संथ ठेवला तर थोडे पण मोठे दाणे वाढतात, ती खडीसाखर. संक्रांतीचा हलवा करताना खसखशीवर किंवा तिळावर पाक चमच्याचमच्याने घालून मंद आचेवर बोटांनी फिरवत राहतात. दाण्यावर दाणा चढत जातो आणि काटा फुलतो. पाडव्याच्या गाठी साच्यात घट्ट आणि पांढऱ्या जमतात, त्याही दाण्यामुळेच.

फाँडंटची गोष्ट याच्या उलट आहे. इथे साखरेला मोठा दाणा धरू द्यायचा नाही. जुनी पद्धत अशी : गोळीबंद पाक करायचा, कोमट होऊ द्यायचा आणि मग जोराने घोटायचा. घोटल्यामुळे एकाच वेळी असंख्य बारीक कण तयार होतात. जिभेला ते वेगवेगळे जाणवत नाहीत, म्हणून लोण्यासारखे मऊ लागते. केकवर लाटून पसरायचे फाँडंट याहून निराळे. त्यात पाकाऐवजी वस्त्रगाळ पिठीसाखर घेतात आणि ती धरून ठेवायला काहीतरी चिकट आणि लवचीक द्रव्य घालतात. मार्शमॅलोचे काम तेच.

मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचे नाव. युरोपात दलदलीच्या जागी उगवणारी ही वनस्पती आपली भेंडी, अंबाडी आणि जास्वंद यांच्याच कुळातली आहे. युनानी वैद्यकात तिला खतमी म्हणतात. भेंडी चिरल्यावर जो बुळबुळीत रस सुटतो, तसाच तिच्या मुळांतही असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील हलवाई तो रस, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून मिठाई करीत. पुढे मुळाचा रस गेला आणि नाव तेवढे राहिले. आजच्या मार्शमॅलोत साखर, ग्लुकोजचा पाक आणि जिलेटिन हवा भरून फेटलेले असते. ग्लुकोज साखरेला दाणा धरू देत नाही आणि जिलेटिन रबरासारखी लवचीकता देते. फाँडंटला लागणारे दोन्ही गुण या गोळीत आयतेच आहेत.

आता कृती ऐका. पांढरे मार्शमॅलो २०० ग्रॅम, पाणी दोन लहान चमचे आणि पिठीसाखर सुमारे ४०० ग्रॅम घ्यावी. साखर घरी दळली तर बारीक कापडातून गाळावी. एक जाड कण राहिला तरी लाटताना थर तिथे फाटतो. गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरे भांडे ठेवून त्यात मार्शमॅलो आणि पाणी घालावे आणि हलवत वितळवावे. थेट आचेवर ठेवू नये, तळाला लागते. मिश्रण एकजीव झाले की उतरवून निम्मी-अधिक साखर मिसळावी. मग हातांना आणि परातीला वनस्पती तूप चोळून उरलेली साखर थोडी थोडी घालत मळावे. किती मळावे? पुरणपोळीची कणीक जशी ताणली तरी तुटत नाही, तसे होईपर्यंत. सगळी साखर संपलीच पाहिजे असे नाही; हवेतल्या दमटपणाप्रमाणे कमीजास्त लागते. गोळ्याला तुपाचा हात लावून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावा आणि रात्रभर ठेवावा. एवढे फाँडंट सहा इंच व्यासाच्या केकला पुरते.

पुष्कळांचे बिघडते ते यापुढे, म्हणून कारणे ध्यानात ठेवा. लाटताना चिरा पडल्या तर साखर जास्त झाली. तुपाचा हात लावून पुन्हा मळा. हाताला चिकटले तर साखर कमी पडली. जिलेटिन सुमारे पस्तीस अंशांवर सैल होते. तोंडात मार्शमॅलो विरघळतो तो यामुळेच. आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी फाँडंटची बाहुली मान टाकते तीही यामुळेच. असे काम पहाटे करावे. कोकणात पावसाळ्यात अडचण निराळी : साखर हवेतले पाणी ओढते आणि थराला घाम सुटतो. शीतकपाटातून काढलेल्या केकवरही बाष्प जमून तेच होते. ताज्या सायीच्या थरावर फाँडंट पसरू नये; सायीतल्या पाण्याने ते विरघळते. खाली लोणी-साखरेचा किंवा मुरंब्याचा पातळ हात पुरे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. जिलेटिन हे जनावरांच्या कातड्यांपासून आणि हाडांपासून काढतात. गावोगावच्या अनेक भगिनी आज घरी केक करून चार पैसे मिळवतात. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी त्या कटाक्षाने बिनअंड्याचा केक करतात आणि नकळत त्यावर जिलेटिनचा थर चढवतात. खाणारा विश्वासाने खातो. तो विश्वास मोडू नये. मार्शमॅलोच्या पाकिटावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह आहे की नाही हे आधी पाहावे आणि नसेल तर गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. जिलेटिनविरहित मार्शमॅलोही मिळतात. पण काहींत समुद्री शेवाळापासून केलेले चायना ग्रास असते, आणि त्याचा गोठलेला गोळा पंच्याऐंशी अंशांच्या आसपास गेल्याखेरीज वितळत नाही. म्हणून अशा गोळ्यांचा आधी थोड्या प्रमाणात अनुभव घ्यावा, मग मागणी स्वीकारावी. याहून सोपा मार्ग म्हणजे काजूकतलीचा गोळा पातळ लाटून केकवर पसरणे. गोव्यात नाताळाला काजू आणि साखरेच्या लगद्याचे साच्यातले आकार करतातच. साखरेच्या थराहून ही काजूची पोळी चवीलाही सरस.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवावेसे वाटते. वर्गात एकदा हा प्रयोग करून दाखवा. गोळीबंद पाक स्वतः करा. तो फार भाजतो, मुलांना लांब ठेवा. पूर्ण कोमट झाल्यावर वाटीत घेऊन मुलांना पळीने घोटायला सांगा. थोड्या वेळात तो पारदर्शक पाक गढूळ होईल आणि मग पांढराशुभ्र गोळा होईल. दुसरीकडे साखरेच्या दाट द्रावणात दोरा सोडून चार-आठ दिवस न हलवता ठेवा. दोऱ्यावर खडे धरतील. साखर तीच, पाणी तेच. एकाला घोटले, दुसऱ्याला स्वस्थ ठेवले, एवढाच फरक. पदार्थाचे गुण केवळ तो कशाचा आहे यावर ठरत नाहीत, त्याचे कण कसे जुळले यावरही ठरतात, हा रसायनशास्त्रातला मोठा धडा आहे. तो शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही, एक वाटी साखर पुरते. प्रयोग झाल्यावर ती वाटी कोण चाटणार, एवढा प्रश्न मात्र वर्गात सोडवावा लागेल.