आधारची झेरॉक्स देताना दोन मिनिटं थांबा

जून आला की घराघरांत कागदपत्रांची पिशवी बाहेर निघते. कॉलेजचं अ‍ॅडमिशन, स्कॉलरशिपचा फॉर्म, उत्पन्नाचा दाखला. कुणी उमराहला निघालं असेल तर पासपोर्टचा फोटो एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. सगळीकडे आधार आणि पॅनची झेरॉक्स देतो, पण ती पुढे कुठे जाते हे आपण विचारत नाही.

ओळखीची चोरी बऱ्याचदा इथूनच सुरू होते. तुमचं नाव, जन्मतारीख, आधार-पॅनचे नंबर आणि कसातरी मिळवलेला ओटीपी, एवढ्यावर तुमच्या नावाने सिम निघू शकतं, लोन उचललं जाऊ शकतं. दोन वर्षांनी मुलाच्या एज्युकेशन लोनसाठी बँकेत गेलात की कळतं, आपलं सिबिल खराब आहे. त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या नावाच्या सिमवरून कुणाला फसवलं गेलं तर पोलिसांची नोटीस तुमच्या घरी येते.

मग करायचं काय?

मास्क्ड आधार द्या. यात नंबरचे फक्त शेवटचे ४ अंक दिसतात. यूआयडीएआयच्या वेबसाईटवरून तो मोफत डाउनलोड होतो. सायबर कॅफेत काढलात तर फाईल तिथून डिलीट करूनच उठा. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, हे सगळ्यांना माहीत असतं.

झेरॉक्सवर लिहा. "फक्त अमुक कामासाठी", तारीख आणि आडवी सही. अक्षरं छापील मजकुरावर थोडी यायला हवीत. मग तोच कागद दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

अंगठा लॉक करा. बँक मित्राकडे आधार नंबर आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. रेशनच्या दिवशी मात्र ते तात्पुरतं उघडावं लागेल, नाहीतर दुकानात अंगठा लागणार नाही. नानी-दादींना एक गोष्ट पक्की सांगा: "अंगठा लागला नाही, परत लावा" असं कुणी म्हणालं, तर आधी पावती मागायची, बॅलन्स बघायचा, मगच परत लावायचा.

आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "माझा नाही" म्हणून कळवता येतं.

वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. न घेतलेलं लोन दिसलं तर त्या कंपनीकडे आणि लोन देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा.

एवढं करूनही फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवा, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर जपून ठेवा. दुसऱ्याची ओळख अशी वापरणं हा आयटी कायदा २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी घरातल्या मोठ्यांना एक विनंती. ओटीपी सांगून बसलेली बाई किंवा पोरगा बऱ्याचदा ओरडा बसेल या भीतीने गप्प राहतो. त्या गप्प राहण्यात महत्त्वाचे तास जातात. आधी फोन लावा, रागावायला नंतर वेळ आहे. आणि या रविवारी नववी-दहावीतल्या मुलाला अम्मीचा फोन घेऊन बसवा. सिमची यादी आणि बायोमेट्रिक लॉक, दोन्ही कामं तो आरामात करून देईल.