द्विप्रणाली स्थापना

एकाच संगणकावर दोन परिचालन प्रणाली (संगणकाचे घटक व त्यांवर चालणारे कार्यक्रम यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावली) बसविण्याच्या क्रियेस द्विप्रणाली स्थापना म्हणतात. विंडोज असलेल्या संगणकावर लिनक्स बसविणे हा तिचा सर्वांत रूढ प्रकार होय. लिनक्सचा गाभा लायनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. सी-डॅक या पुणे येथे मुख्यालय असलेल्या संस्थेने ‘बॉस’ ही तिची भारतीय आवृत्ती तयार केली आहे, तर मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही मिळतात.

पद्धती : (१) स्वतंत्र विभाग : हार्ड डिस्कचा एक विभाग लिनक्ससाठी राखतात व संगणक सुरू होताना ‘ग्रब’ ही आज्ञावली कोणती प्रणाली हवी ते विचारते. एका वेळी एकच प्रणाली चालत असल्याने तिला संपूर्ण स्मृती व प्रक्रियक मिळतो. म्हणून ही पद्धती सर्वांत वेगवान ठरते.

(२) विंडोजच्या विभागातील फाइल : ‘वुबी’ या साधनाने २००८ पासून उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती विंडोजमधील एका मोठ्या फाइलीत बसविता येई. विभागणी टळे, परंतु प्रत्येक वाचन-लेखन दोन फाइलव्यवस्थांतून होत असल्याने डिस्कचे काम मंदावे. वीज अकस्मात गेल्यास ती फाइल बिघडण्याचा धोकाही अधिक असे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागांत त्या काळी भारनियमन असल्याने हा दोष विशेष महत्त्वाचा होता. २०१३ मध्ये उबुंटूने हे साधन वगळले.

(३) आभासी यंत्र : विंडोज चालू असतानाच तिच्या आत लिनक्स चालते. स्मृती दोघींत वाटली जाते. त्यामुळे ४ जीबी स्मृतीच्या संगणकावर दोन्ही रखडतात. विंडोजमध्ये २०१६ पासून उपलब्ध झालेल्या लिनक्स उपप्रणालीची दुसरी आवृत्तीही याच तत्त्वावर चालते. तीत विंडोजच्या विभागातील फाइली हाताळताना वेग घटतो.

दक्षता : विभागणीपूर्वी सर्व माहितीची प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी, चुकीचा विभाग पुसला गेल्यास ती परत मिळेलच असे नाही. विंडोज आधी व लिनक्स नंतर बसविणे सोयीचे असते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे; अन्यथा तिचा विभाग अर्धवट मिटलेल्या स्थितीत राहतो व लिनक्समधून त्यावर लिहिल्यास माहिती बिघडू शकते. विंडोज संगणकाचे घड्याळ स्थानिक वेळेनुसार, तर लिनक्स सामान्यतः जागतिक वेळेनुसार धरते; त्यामुळे भारतात प्रणाली बदलताच साडेपाच तासांचा फरक दिसतो. तो बिघाड नव्हे.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणाऱ्या जुन्या संगणकांना लिनक्समुळे पुढेही उपयोगात ठेवता येते. अशा संगणकांवर स्मृती मर्यादित असल्याने स्वतंत्र विभागाची पद्धतीच श्रेयस्कर होय.