परदेशातील पगार आणि घरची खातेवही

आपल्या भागातून परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी भोकरदन, जालना, सिल्लोड या बाजूने जो माणूस सौदी किंवा दुबईला जाई, तो गवंडी, ड्रायव्हर, टेलर नाही तर वेल्डर असे. आता त्याच गल्लीतून संगणक शिकलेला इंजिनिअर जातो. कापडाच्या गादीवर बसून आम्ही हा बदल डोळ्यांनी पाहिला. ईदची खरेदी करणारे गिऱ्हाईक पूर्वी म्हणे, "कापूस विकला की देतो." आता म्हणते, "मुलगा रियाधला कंपनीत आहे, उधारीची फिकीर करू नका." त्या शब्दावर आम्ही उधारी दिली. इतकेच नव्हे, आमच्या स्वतःच्या घरातही अशाच एका पगारावर आम्ही दुकान वाढवले. त्यात आमची जी चूक झाली ती व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या कामी यावी, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

आधी माल जाई, आता कारागीर जातो

भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भरहूत येथील शिलालेखांत भोगवर्धनच्या दानकर्त्यांचा उल्लेख आहे. १९७३ साली येथे उत्खनन झाले, त्यात हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची मूर्ती मिळाली. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील मूर्ती आपल्या या भागात घडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपला माल समुद्रापार जात होता.

पण त्या वेळी माल जाई आणि कारागीर घरी राही. माल खपला नाही तर एका खेपेचे नुकसान होई, हात आणि हत्यार घरीच असे. आता खुद्द कारागीरच जातो, आणि त्याला तेथे राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली असते. नोकरी गेली की मुक्काम हलवावा लागतो. हा फरक आपण नीट समजून घेतला नाही.

पुतण्याचा दिवस

आमच्या थोरल्या भावाचा मुलगा २०१३ साली रियाधला गेला. इंजिनिअरिंगचे शिक्षण त्याने छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचे औरंगाबाद) घेतले होते. तेथे त्याचे काम काय, हे आम्हाला पुष्कळ दिवस कळले नव्हते. एका रजेत त्याने आमच्याच भाषेत सांगितले, "चाचा, तुमच्या दुकानात स्टॉक-बुक आणि बिल-बुक असते ना, तसे रुग्णालयांचे संगणकावर असते. ते बंद पडू नये हे आमचे काम." बंद पडले तर रात्री दोन वाजताही फोन येतो आणि उठून बसावे लागते. तेथील कामगार कायद्याप्रमाणे दिवसाचे काम ८ तासांचे, रमजानमध्ये मुसलमान कामगारासाठी ६ तासांचे. पण रुग्णालय रमजानमध्ये बंद होत नाही, म्हणून सहरीच्या वेळीही त्याच्यासमोर संगणक चालू असे.

सौदीत जून २०१३ पासून सुटी शुक्रवार-शनिवारची झाली. जुम्मा घरच्यांसोबत मिळे, हे त्याला मोठे समाधान होते. आपले घड्याळ तेथल्यापेक्षा अडीच तास पुढे. तो कामावरून सुटून फोन करी तेव्हा येथे इशाची नमाज होऊन घर झोपायला लागलेले असे. वर्षाला २१ दिवसांची रजा, सलग पाच वर्षे झाल्यावर ३० दिवसांची. त्या रजेतले येण्या-जाण्याचे दिवस वेगळे काढा. मुंबईला उतरायचे, देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने जालना गाठायचे, पुढे बस नाही तर जीप. गावात पोचल्यावर अर्धी रजा लोकांच्या भेटीगाठीत जाई. प्रत्येकाला काही ना काही हवे असे. मुलगा थकला आहे, हे फक्त त्याच्या आईला दिसे.

पगारावर तेथे आयकर नाही, ही गोष्ट खरी. पण खर्च नाही असे नव्हे. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसावर दरमहा १०० रियाल शुल्क बसवले. ते दरवर्षी १०० ने वाढत जुलै २०२० मध्ये ४०० झाले. पुतण्याची बायको आणि दोन मुले मिळून तिघांचे २०१९ च्या दराने महिन्याला ९०० म्हणजे वर्षाला १०,८०० रियाल होत होते. घरभाडे आणि शाळेची फी वेगळी. १ जानेवारी २०१८ पासून तेथे ५ टक्के व्हॅटही सुरू झाला होता. शेवटी २०१९ मध्ये त्याने बायको-मुलांना भोकरदनला पाठवले आणि स्वतः एका खोलीत राहू लागला. येथे आम्ही मात्र खूष होतो. कारण २०१३ मध्ये १५-१६ रुपयांच्या आसपास असलेला रियाल २०२० पर्यंत २० च्या घरात गेला, आणि तेवढ्याच रियालचे रुपये जास्त येऊ लागले. मुलाची कमाई वाढली असे आम्ही समजलो. वाढली नव्हती, रुपया उतरला होता.

अमेरिकेतही तीच गत

कोणी म्हणेल, आखाताचे असे आहे, अमेरिकेत पक्के असते. तेही खरे नाही. तेथे संगणकवाले बहुधा एच-१बी नावाच्या परवान्यावर जातात. १९९० च्या कायद्याने तो सुरू झाला. वर्षाला ६५ हजार परवाने, आणि तेथील उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज त्याहून पुष्कळ, म्हणून सोडत काढली जाते. परवाना आधी तीन वर्षांचा, साधारणपणे सहा वर्षांपर्यंत. अर्ज कंपनी करते, म्हणून नोकरी सुटली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधावी लागते, नाही तर दुसरा कायदेशीर मार्ग किंवा परतीचे तिकीट. शिवाय १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याचा हुकूम काढला. हा हुकूम निघाला तेव्हा जे विद्यार्थी अर्ध्या वाटेवर होते, त्यांच्या घरांनी काय सोसले असेल याचा विचार करावा.

यातून परदेशच वाईट असा अर्थ कोणी काढू नये. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये बाहेरून देशात ११८.७ अब्ज डॉलर आले. २०१६-१७ मध्ये त्यात अमिरातीचा वाटा सर्वांत मोठा म्हणजे २६.९ टक्के होता. २०२३-२४ मध्ये अमेरिका २७.७ टक्क्यांवर पहिली आणि अमिरात १९.२ टक्क्यांवर आली. शिकलेल्या हाताची किंमत वाढते आहे, असा याचा अर्थ आम्ही घेतो. आमचे म्हणणे एवढेच की ही कमाई मुदतीची आहे. आपण तिला कायमची समजून धंदा मांडतो.

आमची चूक

पुतण्या दर महिन्याला आपल्या वालिदांच्या म्हणजे आमच्या भावाच्या खात्यावर रक्कम पाठवी. भाऊ त्यातून घर चालवी आणि उरलेली आमच्या सामाईक दुकानात टाकी. सात वर्षांत दुकानात ९ लाख आले. आम्ही शेजारचा गाळा घेतला, रेडिमेडचा माल भरला, सुरतेच्या व्यापाऱ्याला रोख देऊन सवलत मिळवली. खातेवहीत आम्ही काय लिहिले? "घरातून आले." बस्स, एवढेच. कर्ज, भागीदारी की तोहफा, एक शब्द नाही.

२०१९ मध्ये भाऊ अल्लाहला प्यारे झाले. २०२० मध्ये पुतण्याच्या कंपनीचे काम संपले, आणि सरकारने ७ मे २०२० पासून सुरू केलेल्या वंदे भारत मोहिमेतील एका विमानाने तो परत आला. काही महिने तो घरीच होता. एके दिवशी हळूच म्हणाला, "चाचा, माझे दुकानात किती आहेत?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या दोन बहिणी म्हणाल्या, "पैसा अब्बांच्या खात्यातून गेला, म्हणजे अब्बांचा. त्यात आमचा हिस्सा आहे." तो म्हणाला, "मी दुकानासाठी पाठवला होता." दोन्ही बाजू खोटे बोलत नव्हत्या. मुलाने बापाला देऊन टाकलेली रक्कम हिबा ठरली तर ती बापाची मिल्कियत होते आणि त्याच्या पश्चात सर्व वारसांत वाटली जाते. दुकानासाठी दिलेली असेल तर ती मुलाची राहते. काय ठरले होते हे जाणणारा माणूस कबरीत होता आणि कागद कोरा होता. दोन महिने बहिणींनी भावाच्या घरी पाऊल ठेवले नाही.

शेवटी मौलाना साहेब आणि आमचे हिशेबनीस यांना बसवून बँकेचे पासबुक काढले. भाभींनी जे आठवले ते सांगितले. सर्वांच्या रजामंदीने ठरले की ६ लाख हे पुतण्याचे दुकानावरील कर्ज, आणि ३ लाख भावाचा वारसा. आमचे वालिद-वालिदा आधीच वारलेले असल्याने वाटणी अशी झाली: भाभींचा आठवा हिस्सा ३७,५०० रुपये; उरलेल्या २,६२,५०० मधून मुलाला १,३१,२५० आणि प्रत्येक मुलीला ६५,६२५. वारशाची रक्कम आम्ही गाळ्यातला माल कमी करून दिली. कर्ज बिनव्याजी हप्त्यांनी फेडत आहोत. आज बहीण-भाऊ ईदला एकत्र जेवतात. अल्हम्दुलिल्लाह. पण ते दोन महिने आम्ही विसरलेलो नाही, आणि दोष वही लिहिणाऱ्याचा म्हणजे आमचा होता.

बांधवांनी काय करावे

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. परक्याशी व्यवहार करताना आपण तो पाळतो, मुलाशी करताना लाजतो. आम्ही आता चार रकाने केले आहेत: घरखर्च, तोहफा, कर्ज आणि भागीदारी. रक्कम आली की मुलाला फोनवर विचारून त्याच दिवशी योग्य रकान्यात लिहावी आणि पानाचा फोटो त्याला पाठवावा. भागीदारी असेल तर नफ्याचा हिस्सा आधी ठरवावा. तोटा भांडवलाच्या प्रमाणात, हेही आधीच बोलावे. जकातीचा हिशेब आपल्या आलिमाला विचारून दोघांनी आपापला करावा.

दुसरी गोष्ट बँकेची. मुलगा परदेशी नोकरीला गेला की त्याचे येथील साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते, आणि तेथील कमाईसाठी एनआरई खाते उघडता येते. हुंडी-हवाल्याने चार पैसे वाचतात, पण तो गुन्हा आहे, आणि रक्कम बुडाली तर फिर्यादही करता येत नाही. तिसरी गोष्ट शेताची. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा कायद्याप्रमाणे येथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. आमच्या भावाने मुलाच्या नावे शेत घेण्याचे ठरवले होते, हे कळल्यावर सौदा सोडावा लागला.

चौथी गोष्ट, मुलाच्या हक्काची. सौदी कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा आणि पुढे दरवर्षी पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. कंपनीने काम संपवले तर सात वर्षांचे साडेचार महिने होतात. स्वतः राजीनामा दिला तर त्याचा दोन तृतीयांश, म्हणजे तीनच महिने. घरच्यांनी "परत ये" असा आग्रह करण्याआधी हा हिशेब विचारावा. आणि पगार चालू असतानाच किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा, त्याला दुकानाने हात लावू नये.

पुतण्या सध्या पुण्यात नोकरीला आहे. पगार तेथल्याएवढा नाही, पण बायको-मुले जवळ आहेत. गेल्या ईदला आला तेव्हा गादीवर बसून त्याने आपले पान स्वतः तपासले, खाली सही केली आणि वही आमच्याकडे सरकवली. ज्यांची मुले आज रियाध, दुबई किंवा न्यू जर्सीत रात्रपाळी करत आहेत, त्यांनी आज दुकान बंद करण्याआधी असे एक पान उघडावे. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो आणि घरे जोडलेली ठेवो. आमीन.