'टर्मिनेटर'चा पुनर्जन्म वारंवार का फसतो?

१९८४ साली प्रदर्शित झालेल्या 'द टर्मिनेटर' या चित्रपटाची सुरुवात २०२९ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये होते. शहराचे भग्नावशेष, जमिनीवर विखुरलेल्या मानवी कवट्या आणि त्यांचा चुरा करीत पुढे सरकणारी अजस्र यंत्रे असे ते दृश्य आहे. तेव्हा पंचेचाळीस वर्षे दूर असलेले ते साल आता उंबरठ्यावर येऊन ठेपले आहे. मधल्या काळात या मालिकेचे एकूण सहा चित्रपट, एक दूरचित्रवाणी मालिका आणि एक ॲनिमेशन मालिका येऊन गेली. २००९ पासूनच्या तिन्ही चित्रपटांकडे त्यांच्या निर्मात्यांनी नव्या चित्रत्रयीचा आरंभ म्हणून पाहिले होते. त्या तीन त्रयींपैकी एकीचाही दुसरा भाग निघू शकला नाही.

यंत्रे प्रत्यक्ष जगात बोलू आणि लिहू लागली असताना यंत्रांच्या बंडाची सर्वांत गाजलेली कथा मात्र पडद्यावर तग धरत नाही, हे एक कोडेच आहे. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे वाढते वय किंवा सुमार पटकथा एवढेच त्याचे उत्तर नाही. त्याची मुळे या कथेच्या रचनेत आणि तिच्या मालकीच्या इतिहासात आहेत.

रीबूट म्हणजे नेमके काय?

जुनी कथा पुढे नेणारा तो उत्तरभाग आणि तीच कथा नव्या नटसंचात सांगणारी ती पुनर्निर्मिती. रीबूट या दोहोंहून वेगळा. त्यात ओळखीची पात्रे आणि ओळखीचे विश्व ठेवून आधीच्या घटनाक्रमाची पाटी कोरी केली जाते. 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) आणि जेम्स बाँडचा 'कसिनो रॉयाल' (२००६) ही त्याची यशस्वी उदाहरणे. तेथे प्रेक्षकाला एवढेच मान्य करायचे होते की, आधीचे चित्रपट जणू घडलेच नाहीत.

'टर्मिनेटर'मध्ये ही पाटी कथेच्या आतूनच पुसता येते. पात्रांना भूतकाळात जाता येत असल्यामुळे घडलेली गोष्ट न घडलेली करण्याची सोय पटकथाकाराच्या हाताशी आयती असते. वरकरणी हे वरदान वाटते. प्रत्यक्षात हाच या मालिकेला लागलेला शाप ठरला.

यादी घेऊन निघालेला मारेकरी

पहिल्या चित्रपटाचे कथासूत्र साधे होते. भविष्यात 'स्कायनेट' ही संरक्षणव्यवस्था स्वतःचे भान येताच मानवजातीवर अणुहल्ला घडवते. उरलेल्या माणसांना जॉन कॉनर हा नेता संघटित करतो. त्याचा जन्मच होऊ नये म्हणून स्कायनेट एका यंत्रमानवाला १९८४ सालात पाठवते आणि जॉनच्या आईला वाचवण्यासाठी जॉन काइल रीस या सैनिकाला पाठवतो. हाच रीस पुढे जॉनचा पिता ठरतो.

जेम्स कॅमेरॉन यांनी हा चित्रपट सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये पूर्ण केला आणि त्याने जगभरात ७ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास कमाई केली. तुटपुंज्या पैशामुळे भविष्यातील युद्धाची ओझरती दृश्येच दाखवता आली. त्यातूनच चित्रपटाला त्याचे बळ मिळाले, कारण प्रेक्षकासमोर मुख्यतः उरली ती सारा कॉनर, उपाहारगृहात वाढप्याचे काम करणारी एक सामान्य तरुणी. यंत्राला तिचा चेहरा ठाऊक नसतो. ते दूरध्वनीची यादी उघडते आणि त्या नावाच्या स्त्रियांना क्रमाने ठार मारू लागते. त्यामागे राग नाही, सूड नाही, शंकाही नाही. भय आहे ते या निर्विकारपणाचे.

त्या भयाला काळाचे अधिष्ठानही होते. चित्रपट येण्यापूर्वी जेमतेम तेरा महिने, २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री, सोव्हिएत संघाच्या उपग्रह-सूचनायंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला होता. कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो खोटा मानला आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला यंत्रणा फसली होती. ही घटना जगाला अनेक वर्षांनंतर कळली. तरीही यंत्राच्या निर्णयावर जगाचे भवितव्य टांगलेले आहे, ही जाणीव त्या दशकाच्या हवेतच होती.

दुसऱ्या भागाने कथा संपवली

'टर्मिनेटर २ : जजमेंट डे' ३ जुलै १९९१ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे १० कोटी डॉलर खर्चाचा हा चित्रपट त्या वेळचा सर्वांत महागडा मानला गेला. त्याने जगभरात ५० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि दृश्यपरिणामांसह चार ऑस्कर पारितोषिके मिळवली. पाऱ्यासारखा वितळून पुन्हा आकार घेणारा 'टी-१०००' आजही जुना वाटत नाही. त्यातील संगणकनिर्मित दृश्ये काही मिनिटांचीच आहेत. उरलेला भार स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने घडवलेल्या प्रतिकृतींनी पेलला.

तंत्राहूनही महत्त्वाची आहे ती त्याची अखेर. पहिल्या चित्रपटात चिरडलेल्या यंत्राच्या अवशेषांतूनच स्कायनेटचा शोध लागणार, हे येथे उघड होते. म्हणजे मारेकऱ्याला भूतकाळात पाठवून स्कायनेटने आपल्याच जन्माची तजवीज केलेली असते. सारा, जॉन आणि त्यांच्या रक्षणासाठी आलेला यंत्रमानव हे अवशेष नष्ट करतात. शेवटी उरते ती त्या यंत्रमानवाच्या डोक्यातील चिप. ती नष्ट व्हावी म्हणून तो स्वतःला उकळत्या पोलादात सोडायला सांगतो. २०२९ सालच्या एका उद्यानात वृद्ध सारा निश्चिंत बसली आहे, असा सुखान्त शेवटही चित्रित झाला होता. पण तो वगळून रात्रीच्या अंधाऱ्या रस्त्यावर चित्रपट थांबवण्यात आला. भविष्य लिहिलेले नाही, ते माणसाने घडवायचे आहे, एवढेच तो रस्ता सांगतो. गोष्ट येथे पूर्ण झाली होती.

विजय पुसण्याची किंमत

यानंतरच्या प्रत्येक चित्रपटाला सुरुवात करण्यासाठी हा विजय आधी रद्द करावा लागला. 'राइज ऑफ द मशीन्स' (२००३) ने सांगितले की, विनाश टळला नव्हता, केवळ लांबला होता. त्याची अखेर धाडसी होती, क्षेपणास्त्रे खरोखरच सुटतात. पण साराच्या धडपडीला त्यामुळे अर्थ उरला नाही. 'साल्वेशन' (२००९) ने कॅमेरा थेट युद्धोत्तर जगात नेला आणि ओझरत्या दृश्यांतले गूढ भर दुपारच्या उन्हात विरून गेले. 'जेनिसिस' (२०१५) पुन्हा १९८४ मध्ये गेला आणि मानवजातीचा तारणहार जॉन कॉनर यालाच त्याने यंत्र करून टाकले. ही कलाटणीही प्रदर्शनापूर्वीच्या जाहिरातींत उघड झाली होती.

'डार्क फेट' (२०१९) चे उदाहरण अधिक बोलके आहे. कॅमेरॉन निर्माते म्हणून परतले, लिंडा हॅमिल्टन साराच्या भूमिकेत परतल्या आणि तिसऱ्या भागापासूनचे सारे विसरून जा, असे प्रेक्षकाला सांगण्यात आले. परंतु आरंभीच किशोरवयीन जॉनची हत्या होते. स्कायनेटच्या जागी 'लीजन' येते आणि जॉनच्या जागी डॅनी रामोस ही मेक्सिकोतील तरुणी. पात्रे बदलली, आराखडा तोच राहिला. सुमारे साडेअठरा कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाची जगभरातील कमाई २६ कोटी डॉलरच्या आसपास थांबली. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो आणि प्रसिद्धीचा खर्च वेगळाच असतो, हे ध्यानात घेतले तर हा तोट्याचाच व्यवहार ठरला.

एखाद्या पात्राचा त्याग पुढच्या चित्रपटात एका वाक्याने निरर्थक ठरणार असेल, तर प्रेक्षकाने त्यात जीव का गुंतवावा? आज वाचलेला माणूस उद्या दुसऱ्या कालरेषेत मेलेला असेल आणि परवा तिसरीत यंत्र झालेला असेल, तर मृत्यूचे गांभीर्यच नाहीसे होते. काळाशी खेळण्याला किंमत नसेल तर कथेलाही किंमत उरत नाही.

मालक बदलत गेले

हे पुनःपुन्हा का घडले, याचे एक उत्तर आर्थिक आहे. दिग्दर्शनाची संधी मिळावी म्हणून कॅमेरॉन यांनी पहिल्या चित्रपटाचे हक्क निर्मात्या गेल ॲन हर्ड यांना अवघ्या एका डॉलरला विकले होते. दुसऱ्या भागाची निर्मिती करणारी कॅरोल्को ही कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. 'साल्वेशन'च्या निर्मात्या हॅल्सियन कंपनीवरही तीच वेळ आली आणि २०१० मध्ये मालिकेचे हक्क एका गुंतवणूक निधीने २ कोटी ९५ लाख डॉलरला घेतले. नंतर ते पुन्हा चित्रपटनिर्मात्यांच्या हाती आले. हक्कांत पैसा गुंतवलेल्या प्रत्येक नव्या मालकाला तो वसूल करायचा असतो. सांगण्याजोगे काही सुचले म्हणून नव्हे, तर हक्क हाती आले म्हणून चित्रपट निघू लागले.

त्यात कायद्याचे घड्याळही होते. अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यानुसार मूळ लेखकाला ३५ वर्षांनंतर, ठरावीक मुदतीत नोटीस देऊन, विकलेले हक्क त्या देशापुरते परत मागता येतात. १९८४ च्या चित्रपटासाठी हर्ड यांनी तशी पावले उचलली. 'डार्क फेट' आला तो नेमका ३५ व्या वर्षी.

भय आता कुठे आहे?

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. मालिकेने जुने यंत्र जपले. ते ज्या भयातून जन्मले ते भय मात्र तिने नव्याने तपासले नाही. धातूचा सापळा आणि लाल डोळे आता खेळण्यांच्या दुकानात दिसतात. खरी यंत्रे चेहरा नसलेली आहेत. नोकरीचा अर्ज चाळणारी, कर्ज नाकारणारी, छायाचित्रावरून माणूस ओळखणारी, युद्धभूमीवर लक्ष्य सुचवणारी. यादी घेऊन निघालेला निर्विकार मारेकरी ही १९८४ ची कल्पना आज विलक्षण खरी वाटते, पण तिच्याकडे परत जावे असे कोणाला सुचले नाही.

माणसाच्या हस्तक्षेपावाचून लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांचा प्रश्न आता संयुक्त राष्ट्रांपुढे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने या विषयावरील ठराव १५२ मतांनी संमत केला. विरोधात मत देणाऱ्या मोजक्या देशांत रशियाप्रमाणेच भारतही होता. या प्रश्नाची चर्चा जिनिव्हातील शस्त्रविषयक कराराच्या चौकटीतच व्हावी, अशी भारताची भूमिका राहिली आहे. ती पटो वा न पटो, हा विषय हॉलिवूडपुरता नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

मराठी वाचकाला तर तो नवा नाहीच. आपल्या निर्मात्यांच्या ताब्यातून सुटू पाहणाऱ्या, स्वतःची संख्या स्वतःच वाढवू इच्छिणाऱ्या यंत्रमानवाचे संकट डॉ. जयंत नारळीकर यांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत मांडले होते. तेथेही मूळ प्रश्न यंत्राच्या ताकदीचा नसून माणसाच्या मोहाचा आहे.

मग नव्याने सांगावे कसे?

'टर्मिनेटर झिरो' या २०२४ सालच्या आठ भागांच्या ॲनिमेशन मालिकेने एक वाट दाखवली. तिने कथा १९९७ च्या टोकियोत नेली, कॉनर कुटुंबाला बाजूला ठेवले आणि माणूस वाचवण्याच्या लायकीचा आहे का, असा प्रश्न एका नव्या यंत्रबुद्धीच्या तोंडून विचारला. श्वार्झनेगरविनाही ही कथा उभी राहू शकते, एवढे त्यातून दिसले.

यापुढे कोणी हे धनुष्य उचलणार असेल, तर त्याला दुसऱ्या भागाचा शेवट अबाधित ठेवावा लागेल. तो पुसून मिळवलेली कोणतीही सुरुवात उसनीच राहील. एक सामान्य माणूस आणि त्याच्या मागे लागलेले एक न थांबणारे यंत्र, एवढ्या लहान आकाराकडे परतावे लागेल. आणि पेत्रोव यांनी त्या रात्री जे केले, त्याकडे पाहावे लागेल. यंत्र खात्रीने सांगत असताना एका माणसाने शंका घेतली आणि थोडा वेळ थांबून पाहिले. ही शंका घेण्याची मुभा आपण कोणाच्या हाती सोपवतो आहोत, हा २०२९ च्या उंबरठ्यावरचा प्रश्न आहे. तो विचारण्याचे धैर्य दाखवणारा चित्रपट निघाला, तर त्यात धातूचा सापळा दिसला नाही तरी प्रेक्षकाची तक्रार असणार नाही.